कळल्यापासून सुतक

आमच्या मागवाल्या गल्लीचा गणपतीतला देखावा एका दमात उठतो. एक बाहुली आधी, दुसरी मागाहून, असला रेंगाळलेला कारभार आमच्याकडं चालत नाही. पूर्वी इचलकरंजीत लाईट जायची, गल्लीतले सगळे यंत्रमाग मुके व्हायचे, आणि लाईट आली की घराघरातून एकदम खडखडाट सुरू व्हायचा. ते 'एकदम' आम्ही जपलंय. माग भंगारात गेले, कारखान्यांच्या जागी फ्लॅट आले, तरी आरतीची पहिली टाळी पडली की देखाव्यातल्या सगळ्या माना एका क्षणात वर झाल्या पाहिजेत. एखादी जरी मागं राहिली तर म्हातारी मंडळी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बसून आमचा उद्धार करतात.

मी किशोर म्हेत्रे. पोटासाठी बँकेत खर्डेघाशी केली, जीव मात्र कायम मोटरा आणि तारांत. यंदाचा देखावा माझ्या धाकट्या भावाच्या, सुहासच्या डोक्यातून निघालेला. अंधारा कारखाना, बंद पडलेले माग, आणि प्रत्येक मागाशी मान खाली घालून बसलेला एकेक कामगार. टाळी पडली की लाईट येते, सगळे माना वर करतात, हात हलतात, माग धावायला लागतात. दिवसा उजेडात त्या खाली घातलेल्या माना बघितल्या तर आपलं कुणीतरी गेलंय असं वाटतं, हे मी सुहासला म्हणालोही होतो. तो हसला होता.

सर्व्हो म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. साधी मोटर नुसती फिरत सुटते. सर्व्हो मोटरला अंश सांगायचा, म्हणजे चाळीसवर जा म्हटलं की ती चाळीसवर जाते आणि तिथंच ठाम राहते, कुणी ढकललं तरी हटत नाही. अशा ढीगभर सर्व्होंना हुकूम सोडणारा एक छोटा बोर्ड असतो, तो कंट्रोलर. त्याचं खाणं चिमणीएवढं. सर्व्हो मात्र जागेवरून उठताना अधाशासारखी वीज ओढतात. दोघांना एकाच ठिकाणाहून वीज दिली आणि सगळ्या सर्व्हो एकदम उठल्या, की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. सर्व्होंना त्याचं काही वाटत नाही. कंट्रोलर मात्र बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि आपण कुठवर आलो होतो याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून या छंदातला पहिला धडा असा, की सर्व्होंची वीज वेगळी आणि कंट्रोलरची वेगळी. फक्त ऋण तारा दोघांच्या एकत्र बांधायच्या, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळतं. सुहास म्हणायचा, "दादा, चुली वेगळ्या, उंबरा एक."

मी तसंच केलं होतं. मांडवात मागच्या बाजूला मोठा बॅटरी संच ठेवला होता आणि सर्व्होंची जाड लाल तार माझ्या हातानं त्याला लावली होती. हे मला पक्कं आठवत होतं. आणि त्या सकाळी मांडवात गेलो तर लाल तार बॅटरीवर नव्हती, ती कॉइलच्या पेटीवर होती.

कॉइल म्हणजे गल्लीच्या आणि पंचगंगेच्या घाटापर्यंतच्या रस्त्याखाली बऱ्याच वर्षांपूर्वी घातलेली बिनतारी विजेची वेटोळी. तिच्या आसपास हवेतूनच वीज मिळते. दिव्यांना तारा नाहीत, मोबाईल कट्ट्यावर ठेवला की भरतो. मांडवासाठी तिची एक पेटी दिलेली आहे, तिच्यातून लागेल तेवढी वीज घ्यावी. पण सगळ्या सर्व्हो एकदम तिच्यावर टाकल्या तर गल्लीभरची वीज क्षणभर बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

मी भडकलो. मंडळाचा अध्यक्ष शार्दूल, तिशीचा पोरगा, खुर्च्या मांडत होता. त्याला बोलावलं आणि जे तोंडात येईल ते बोललो. दरवर्षी हा शार्दूल माझ्याशी हुज्जत घालतो, मी एक म्हटलं की तो दोन म्हणतो. त्या दिवशी तो खाली बघत उभा राहिला. बाकीची पोरं हळूच मांडवाबाहेर गेली. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला, बिनसाखरेचा, मला हवा तसा, मी मागायच्या आधी. शार्दूल एवढंच म्हणाला, की काका, तुम्हाला हवी तशी लावा तार, आम्ही हात लावत नाही.

मी तार सोडवायला घेतली. टोकाला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी डावखुरा आहे, त्यामुळं माझी पट्टी उलटी गुंडाळली जाते, आणि शेवटचं टोक मी दुमडून ठेवतो म्हणजे सोडवताना नख घालावं लागत नाही. सुहास त्यावरून मला आयुष्यभर चिडवत आलाय. ही पट्टी उलटी गुंडाळलेली होती आणि टोक दुमडलेलं होतं. स्क्रूच्या डोक्यावरची खाचही उघडून उघडून गुळगुळीत झाली होती. मी तिच्याकडं बघत बसलो. मग तार बॅटरीला लावली आणि घराकडं निघालो.

आता टेकूबद्दल सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मला मेंदूज्वर झाला. वाचलो, पण नवीन काही डोक्यात ठरेना. सकाळचं दुपारी विसरायचो. तेव्हा कानामागं हाडात एक चिप बसवली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, गल्लीत तिला टेकू म्हणतात. टेकू दिवसभर घडलेलं तात्पुरतं धरून ठेवतो, आणि माणूस गाढ झोपला की ते मेंदूत पक्कं बसवतो. डोक्यात बॅटरी ठेवणं धोक्याचं, म्हणून टेकूही कॉइलवरच चालतो. गल्लीत टेकूवाला मी एकटाच.

टेकू बसवला तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती. वीज कधी क्षणभर बसली तर टेकू बंद पडून पुन्हा सुरू होईल, आणि शेवटच्या झोपेनंतरचं सगळं जाईल. आणि ते गेलंय हे तुम्हाला कळणारही नाही. मेंदूला फट दिसली की तो इकडचं तिकडचं घालून बुजवतो. तुम्हाला फक्त वाटेल, की दिवस कसा गेला कळलंच नाही.

गणपतीत हे वाक्य कोण म्हणत नाही? मीही रोज म्हणत होतो. सकाळी उठायचो, मांडवात जायचो, आणि बघता बघता आरती झालेली असायची. मग तिथंच गप्पा, तिथंच जेवण, घरी फक्त पाठ टेकायला.

घरी आलो तेव्हा उजवा खांदा ठणकत होता. उठल्यापासून ठणकत होता, मांडवाचे पाईप उचलून भरला असेल असं मी धरून चाललो होतो. सदऱ्यात हात घालून बघितलं तर आडवा काळानिळा वळ. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात दरवर्षी घरचा गणपती बसतो तिथं रिकामा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. मी थबकलो. मूर्ती आणल्याचं मला आठवत होतं. डोक्यावर रुमाल, हातात ताट, दारात सारिकानं पायावर पाणी घातलेलं. मग लक्षात आलं की त्या आठवणीत सुहास शेजारी झांज वाजवत होता, आणि यंदा तर तो सांगलीला दवाखान्यात फुप्फुसाच्या आजारानं पडलेला. म्हणजे ती आठवण गेल्या वर्षीची होती. यंदाची नव्हतीच.

सारिका, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर घोंगडं टाकून बसली होती. मला बघून उठली आणि ताट वाढलं. आमटीला फोडणी नव्हती. मी तोंड उघडलं.

"तेल डॉक्टरांनी बंद केलंय," ती म्हणाली.

मी अजून विचारलंही नव्हतं. घास हातात तसाच राहिला. मग मी पाटाकडं मान वळवली, आणि ती म्हणाली की यंदा घरचा गणपती काकांच्या पोरांकडं बसवलाय, तुमची दगदग नको म्हणून. मी खांद्याला हात लावला, आणि ती म्हणाली की पाईप उचललेत तुम्ही. हे सगळं ती एखाद्या पोरानं पाढे म्हणावेत तसं म्हणत होती, माझ्याकडं न बघता. मी सुहासला फोन लावायला मोबाईल काढला.

"आता तुम्ही म्हणणार, फोन लागत नाही," ती म्हणाली. "मग म्हणणार, दवाखान्यात तू जाऊन बघ. मग त्या पाटाकडं परत बघणार. मग मला विचारणार."

मी पाटाकडं परत बघितलं होतं. तिनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं आणि पदराच्या टोकातून घडी घातलेला रुमाल काढून माझ्यासमोर ठेवला. तो आधीच तयार ठेवलेला होता.

"सुहास गेला?" मी विचारलं.

"गेला."

पुढं काय झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. माणूस जसा रडतो तसा मी रडलो. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान भाऊ. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता, सारिका नवी नवरी होती, आणि तिनंच त्याला वाढवला. त्यानं लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिला. मी रडत होतो आणि सारिका माझ्या पाठीवर हात फिरवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचा हात मी कुठं कुठं हुंदका देणार हे आधीच ओळखून फिरत होता, आणि ते मला कळत होतं.

मग तिनं सांगितलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो गेला, ती रात्र मी जागून काढली. चतुर्थीला सकाळी आम्ही त्याला पंचगंगेवर नेलं. खांदा मी दिला, अग्नी मी दिला. खांद्यावरचा वळ तिरडीच्या बांबूचा आहे. अंघोळ करून ओल्या कपड्यांनिशी मी मांडवात जाऊन बसलो, पोरांना म्हटलं देखावा उतरवा, आम्हाला सुतक आहे. बाहुल्या उतरवण्याआधी माना सरळ कराव्यात म्हणून पोरांनी एकदाच देखावा चालवला. बॅटरी संच तेव्हा भरलेला नव्हता, म्हणून तार कॉइलच्या पेटीवर. सगळ्या माना एकदम उठल्या. गल्लीतले दिवे मिचकले. आणि मी खुर्चीवरून उठून म्हणालो, माझे कपडे ओले कसे काय, आणि सुहासला फोन लावा, म्हणावं देखावा एका दमात उठला.

त्या दिवशी कुणी मला खरं सांगितलं नाही.

"दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं," सारिका म्हणाली. "असंच, इथंच. तुम्ही रडलात. मग उठून देवळातल्या गुरुजींकडं गेलात आणि विचारलंत, की सुतक कधीपासून धरायचं. ते म्हणाले, लांबच्या माणसाला कळल्यापासून. तुम्ही परत आलात ते डोळ्यांत चमक घेऊनच."

मला ते आठवत नव्हतं. पण माझं डोकं कसं चालतं ते मला माहीत आहे, आणि पुढचं तिनं सांगायच्या आधीच मला कळलं. ज्याला कळलंच नाही त्याला सुतक नाही. ज्याला सुतक नाही तो देखाव्याला हात लावू शकतो. सुहासनं दवाखान्यातून बजावलं होतं, की दादा, काहीही झालं तरी यंदाचा देखावा बंद पडू देऊ नको. तेव्हा मी माझ्या हातानं लाल तार बॅटरीवरून काढून कॉइलच्या पेटीला लावली होती आणि आरतीला पुढं जाऊन उभा राहिलो होतो.

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून रोज. रोज सकाळी तुम्ही तार बघून चिडता आणि सोडवता. रोज तुम्हाला कळतं. कधी खांद्यावरून, कधी आमटीवरून, एकदा तर नुसतं माझ्या तोंडाकडं बघून. मी लपवायचा प्रयत्न करून बघितला, तुम्हीच तसं करायला सांगितलं होतं, पण तुम्ही हुशार. मग रडता, आणि दुपारी जाऊन तार परत जोडता."

"मीच?"

"तुम्हीच."

घरात एक माणूस माझ्या रूपानं रोज येऊन जात होता, जेवत होता, रडत होता, आणि संध्याकाळी स्वतःला पुसून टाकत होता. त्याच्याशी माझी ओळखही नव्हती. आणि आज तो मीच होतो, माझ्याही आरतीला थोडाच वेळ उरला होता. मी म्हटलं, "आज नाही जोडणार."

हे म्हणताना सारिकाचेही ओठ हलले. तेच शब्द, माझ्याच बरोबर.

"हेही रोज म्हणता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी चिडून म्हटलं की सुहासच्या शेवटच्या इच्छेसाठी करत होतो, दुसरं कशासाठी? गल्लीची इज्जत, त्याचं डोकं, त्याची मेहनत.

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलली. "देखाव्याचं नाव नका घेऊ. पोरांनी कुणीही चालवला असता. तुम्हाला रडायचं नाही, बस. रोज दुपारी तासभर रडायचं आणि संध्याकाळी कोरं होऊन टाळ्या वाजवायच्या. तुमचं दुःख रोज नवं, आणि रोज संपतं. माझं संपत नाही हो. मी त्याला शाळेत असल्यापासून वाढवलंय. मला त्याच्यासाठी रडायचंय, तर रोज तुम्हालाच गप्प करण्यात दिवस जातो. मी एकटी सुतकात बसलेय या घरात."

आमटी गार होऊन तिच्यावर पापुद्रा धरायला लागला होता.

"उद्या दहावा आहे," ती म्हणाली. "अग्नी तुम्ही दिलाय, पिंडाला तुम्हीच बसायला हवं. गेले दिवस मी काही बोलले नाही, जा म्हटलं, जोडा तार. पण उद्या सकाळी तुम्ही पाटाकडं बघत उठलात आणि म्हणालात, की सुहासला फोन लावा, तर घाटावर कोण बसणार? काकांची पोरं? त्याचं सगळं केलं आपण, आणि शेवटचं पाणी परक्याच्या हातचं?"

मी तसाच उठलो आणि मांडवात गेलो. शार्दूल आणि दोघं तिघं पोरं कॉइलच्या पेटीसमोर उभी होती. लाल तार पुन्हा पेटीवर गेली होती. मी म्हटलं, तार काढ, आज नको. शार्दूल जागचा हलला नाही.

"काका, आज तुम्ही जोडायला आला नाहीत म्हणून आम्ही जोडली, तुम्हीच सांगितलंय तसं," तो म्हणाला. "पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तार जोडलीत त्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं करून शपथ घातलीत. मी नंतर काहीही म्हणालो तरी आरतीच्या वेळी तार पेटीवर पाहिजे. तेव्हाचं माझं खरं, नंतरचं खरं मानू नका, असं म्हणालात."

मी म्हटलं की ती शपथ मी सोडवतो. तो म्हणाला की हेही तुम्ही म्हणणार, असं तुम्हीच सांगून ठेवलंय. मी हात उगारला. त्यानं तोंड पुढं केलं, मारा म्हणून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नाटक नव्हतं. रोज दुपारी मला गल्लीतून रडत येताना आणि संध्याकाळी हसत टाळ्या वाजवताना या पोरानं बघितलं होतं. त्याला मनापासून वाटत होतं की तो माझ्यावर दया करतोय. मी स्वतःला मानत असलो नसलो तरी गल्लीनं मला मानलं होतं, आणि माझंच वजन आज माझ्या आड आलं होतं.

परतताना डोकं चालायला लागलं. घाटाकडं जावं तर तिथंही हीच कॉइल, दुसरीकडं जावं तर टेकू कॉइलबाहेर जेमतेम चौकापर्यंत तग धरतो, मग बंद. तार मला सोडवू देणार नाहीत. आरतीला वीज बसणार हे नक्की. म्हणजे टेकू बंद पडून पुन्हा सुरू होणार, आणि शेवटच्या झोपेपर्यंतचंच राहणार.

शेवटच्या झोपेपर्यंतचं.

मी जवळजवळ पळत घरी आलो आणि सारिकाला म्हटलं, मला झोपायला हवं. आत्ता. आरतीच्या आधी गाढ झोप लागली तर टेकू हे सगळं पक्कं बसवेल, मग वीज गेली काय नि राहिली काय. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"हे तुम्ही कधी म्हणाला नव्हतात," ती म्हणाली.

तिनं खिडक्या लावल्या, घोंगडं झटकून अंथरलं, दाराला आतून कडी घातली. मी आडवा झालो. आणि मग मला कळलं की मी काय मागून बसलोय. भाऊ गेल्याचं नुकतंच कळलंय, आणि झोप. डोळे मिटले की सुहास दिसायचा. लहानपणी भात जेवताना डाव्या हाताची बोटं मोजणारा, मोबाईलवर बघितलेला, दवाखान्यात नळ्या लावलेला. त्याचं शेवटचं तोंड मला आठवत नव्हतं, कारण अग्नी देतानाचा दिवस पुसला गेला होता. ते मला आता कधीच आठवणार नव्हतं. ते माझ्याच देखाव्यानं नेलं होतं. या विचारानं मी उठून बसलो.

"आडवे व्हा," सारिका म्हणाली.

"मला त्याचं तोंड आठवत नाही."

"मला आठवतं. उद्या सांगते. आता आडवे व्हा."

बाहेर माईक तपासायला लागले. कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. शार्दूलची हाक आली, काका, आरतीला चला. सारिकानं दारापाशी जाऊन आतूनच सांगितलं की आज ते येणार नाहीत. तो म्हणाला की काकूंनी अडवायचं नाही, असंही काका सांगून गेलेत. ती म्हणाली की काका काय सांगून गेलेत ते तिला ऐकायचं नाही, आणि कडीला हात लावलास तर बघ. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बाहेरची पावलं थोडा वेळ थांबून राहिली आणि मग गेली.

ती परत येऊन माझ्या उशाशी बसली. मला थोपटायला लागली. सुहास लहान असताना रात्री आईची आठवण काढून रडायचा तेव्हा ती त्याला असंच थोपटायची, अगदी हळू, मध्येच एक थाप चुकवून. त्या चुकलेल्या थापेची वाट बघता बघता त्याला झोप लागायची, असं ती म्हणायची. मी त्या थापांची वाट बघायला लागलो. बाहेर कुणीतरी घंटा वाजवून बघत होतं. आता झोप लागली नाही तर संपलं, असं वाटलं की झोप आणखी लांब जायची. मी ते वाटणं सोडून द्यायचा प्रयत्न केला. ती थोपटत राहिली.

जाग आली ती टाळ्यांनी. गल्ली दुमदुमत होती. बंद खिडकीच्या फटीतून उजेड येत होता, घरातला दिवा नुकताच मिचकून सावरत होता, आणि कानामागं टेकू सुरू होताना होते ती बारीकशी गार कळ येऊन गेली होती. सारिका माझ्या पायाशी उभी होती. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला, श्वास रोखलेला. ती काही विचारत नव्हती. मी उठल्यावर काय म्हणणार हे एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला ठाऊक नव्हतं.

बाहेर देखावा उठला होता. कारखान्यात लाईट आली होती, सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या, लोक शिट्ट्या मारत होते. मी तिच्याकडं बघितलं.

"सकाळी लवकर निघायला हवं," मी म्हटलं. "घाटावर गर्दी होते."

सारिका होती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. आरतीच्या आवाजातही गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी उठून तिच्याजवळ गेलो. तिला कसं थोपटायचं ते मला येत नव्हतं, कधी वेळच आली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.